पाण्याची वाट

गेल्या फेब्रुवारीत ८२ वर्षांच्या वडिलांना घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिने त्यांनी दवाखान्याखेरीज कुठे पाऊल टाकले नव्हते. ‘खाडी पाहायची आहे,’ एवढेच ते म्हणाले. त्यांचे बालपण कोकणात खाजणाकाठी गेलेले. माझे खाडीशी नाते मात्र थोडे लाजिरवाणे. पंधरा वर्षांपूर्वी एका वृक्षारोपणात याच खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून मी कांदळवनाची रोपे लावली होती. छायाचित्रे निघाली, चहा झाला. वर्षभराने तिथे एकही रोप उरले नव्हते.

ओहोटीची वेळ होती. तिवरांच्या बुंध्यांभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोके वर आलेली दिसत होती. ही श्वसनमुळे. खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून ही झाडे मुळे वर काढून हवा घेतात. बाबांनी तिवराच्या पानाच्या पाठीवर बोट फिरवले आणि जिभेला लावले. खारट! जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. रक्तदाबामुळे बाबांना मीठ बेताचेच. मी पाहिले नाही असे दाखवले.

एका बाकावर टेकल्यावर त्यांनी विचारले, ‘तुम्ही रोपे लावलीत ती कुठे?’

‘पुढे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मोकळ्या चिखलात.’

‘अरे, ती पाखरांच्या चरण्याची जागा. झाडांची नव्हे.’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कांदळवन साधारणतः समुद्राची सरासरी पातळी आणि भरतीची वरची रेषा यांच्या दरम्यान रुजते. त्याहून खाली लावलेली रोपे फार वेळ पाण्याखाली राहतात आणि गुदमरतात. शिवाय तो मोकळा चिखल ओसाड नसतो. त्यातील सूक्ष्म शेवाळ आणि कीटकांवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, जगतात; त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो.

बिघडलेल्या खाजणाला बहुधा रोपांपेक्षा पाण्याची गरज अधिक असते. रस्ता, बांध किंवा राडारोडा यांनी भरतीची वाट अडली, की आत पाणी साचते किंवा जमीन कोरडी पडते. साचलेल्या पाण्यात श्वसनमुळे बुडून राहतात आणि उभी झाडे वाळतात. अशा वेळी बांध फोडून, नाल्या मोकळ्या करून भरती-ओहोटी पुन्हा सुरू केली आणि जवळपास जुनी झाडे असली, तर पाणी स्वतःच बिया आणून रुजवते. कांदळाचे बी तर झाडावरच अंकुरते आणि तयार रोप होऊन खाली पडते. लागवड करायची ती जिथे बी पोचत नाही तिथे, आणि जमिनीची उंची पाहून.

नेरूळच्या डीपीएस तळ्याची कथा हेच सांगते. सुमारे ३० एकरांच्या या तळ्यात खाडीचे पाणी येईनासे झाल्यावर शेवाळ माजले आणि रोहित पक्षी दुरावले. पाण्याची वाट मोकळी झाल्यावर ते परतू लागले.

वैद्यकीच्या दृष्टीनेही यात आपले हित आहे. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या निवांत वाढतात; खेळत्या पाण्यात त्या वाहून जातात, माशांच्या तोंडी पडतात. कांदळवन लाटांचा जोर मोडते आणि भरतीचे पाणी पसरायला जागा देते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवने तोडण्यास मनाई केली. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. तरी वरून येणारे सांडपाणी आणि प्लॅस्टिक थांबलेले नाही. श्वसनमुळांवर चिकटलेली पिशवी काढणे हे रोप लावण्याइतकेच मोलाचे काम आहे.

ज्येष्ठांना नेणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. नौकाफेरी भरतीवर अवलंबून असते. वेळ आधी विचारून घ्या. सकाळची वेळ, न घसरणारी पादत्राणे, टोपी आणि पाणी हवेच. लघवीची गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो गाळातील जिवाणूंचा असतो, त्याने घाबरू नका. नौकेत चढता-उतरताना तोल जाण्याची भीती असेल, तर काठावरूनही पुष्कळ दिसते.

आम्ही नौकेत बसलो नाही. काठावर बसून पाणी हळूहळू चढताना पाहिले. मला माझ्या दवाखान्यातील जुनी सवय आठवली: ‘अशक्तपणा’ ऐकला, की कारण न शोधता टॉनिक लिहून द्यायचे. मी लावलेली रोपे तशीच होती. बाबांनाही मी सहा महिने गोळ्या आणि प्रथिनांची पूड दिली. त्यांचे काय अडले आहे, हे विचारले नव्हते.

परतताना त्यांनी गाडीत विचारले, ‘पुढची मोठी भरती कधी?’ घरी येऊन मी दिनदर्शिका उघडली. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती.