तू किलोमीटर मोजत नाहीस

प्रिय एसी,

मे महिन्याच्या दुपारी पुण्यात तुला बंद ठेवा असं कुणालाही सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. 28 एप्रिल 2019 ला शिवाजीनगरला पारा 43 अंशांवर गेला होता. अशा दिवशी उन्हात लावलेली गाडी आतून साठ अंशांच्या घरात तापते. तिच्यात तान्हं मूल किंवा आजारी माणूस बसवायचं तर तू हवासच. पण तुझा खर्च कोणत्या हिशेबाने होतो, हे आपल्याकडे गाडी विकताना कुणी सांगत नाही, आणि मग त्याचा दोष भलत्याच माणसाच्या माथी येतो. म्हणून लिहितो आहे.

तुझा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. बटण दाबलं की क्लच ‘टक्’ करून लागतो आणि इंजिनावर ओझं येतं. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ते कानांनाही कळतं, कारण इंजिन दबून बंद पडू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आरपीएम थोडा वर नेतो, म्हणजेच जागच्या जागी जास्त पेट्रोल जाळतो. 1940 च्या पॅकार्ड गाडीबरोबर तू मिळत होतास, पण तेव्हा तुला क्लच नव्हता. तू नको असलास तर इंजिन बंद करून पट्टाच काढून ठेवावा लागे. आज बटण आहे, म्हणून ओझ्याचा विसर पडतो.

हे ओझं साधारण दोन ते चार अश्वशक्तींचं, भर उन्हात त्याहूनही थोडं जास्त. मोठ्या गाडीला त्याचं काहीच वाटत नाही. पण आपल्याकडे बहुतेकांनी गाडी शिकली ती छोट्या इंजिनावर. 796 सीसीच्या सुरुवातीच्या मारुती 800 ची सगळी ताकद 40 अश्वशक्तीच्या आत होती. पुण्यातच तयार झालेली, 1998 च्या अखेरीस आलेली डिझेल इंडिकाही 54 च्या आसपास. पुढचा ट्रक ओलांडायच्या आधी एसी बंद करायचा, ही एका पिढीच्या हाताला लागलेली सवय या गाड्यांनी लावली. ती वेडगळ नव्हती. आजच्या बऱ्याच गाड्यांत तेच काम कॉम्प्युटर करतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की काही क्षण तुझा क्लच सोडतो.

त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथली हवा पाच-सहा टक्के विरळ, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच कमी. आता सीएनजीवरची वॅगनआर घे. कागदावर पेट्रोलवर 67 अश्वशक्ती, गॅसवर 57. तीही पाच हजारांवर आरपीएम गेल्यावर. तिथे रोज कोण गाडी चालवतं? खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या आसपास, त्या इंजिनाकडे खरोखर असते ती वीस-बावीस अश्वशक्ती. चार माणसं, मागे सामानाच्या पिशव्या, आणि त्यातले तीन घोडे तू आधीच घेतलेले. मग गाडी ओढत नाही, चालक गिअर उतरवतो, इंजिन ओरडू लागतं.

घाटात आणखी एक गोष्ट होते आणि ती जास्त गंभीर आहे. तू आतली उष्णता काढून बाहेर टाकतोस ती कंडेन्सरमधून, आणि कंडेन्सर असतो रेडिएटरच्या बरोबर पुढे. त्यामुळे रेडिएटरला हवा मिळते ती तुझ्यामुळे आधीच तापलेली. सपाट रस्त्यावर वेगाच्या वाऱ्याने ते निभावतं. जोडून आलेल्या सुट्ट्यांना बोरघाटात गाड्या मुंगीच्या पावलाने चढत असतात, तेव्हा वारा नाही, इंजिनावर चढाचा भार, आणि वरून तू. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्यांची रांग त्यातूनच लागते. तापमानाचा काटा वर सरकायला लागला की तुला बंद करून काचा खाली घ्याव्यात. इंजिनावरचं ओझं आणि रेडिएटरपुढची उष्णता दोन्ही लगेच कमी होतात.

आता पेट्रोलचं. ‘एसी लावला की ॲव्हरेज किती पडतं?’ हा प्रश्न पुण्यात घरोघरी विचारला जातो, आणि तो विचारायची पद्धतच चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. गाडी पुढे ढकलायला लागणारं पेट्रोल अंतरावर ठरतं. तुझं मात्र वेळेवर ठरतं. चाकं फिरोत न फिरोत, काचेतून ऊन आत येतच असतं आणि तू ते बाहेर टाकत असतोस. कडक उन्हात छोट्या गाडीला तुझ्यासाठी तासाला अर्धा लिटर पेट्रोल लागतं असं धरू. द्रुतगती मार्गावर ताशी 80 च्या वेगाने 10 किलोमीटर साडेसात मिनिटांत सरतात, म्हणजे तू घेतोस साठेक मिलिलिटर. रहदारी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या पाहणीत पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं; इथे 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं लागत होती. त्याच अंतराला तू आता पावणेतीनशे मिलिलिटर घेतोस. तेच यंत्र, तेवढाच गारवा, जवळपास साडेचार पट खर्च. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की फार उष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, तुझ्यामुळे गाडीचं ॲव्हरेज 25 टक्क्यांहूनही जास्त घसरू शकतं. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागणार नाही.

या हिशेबात सगळ्यात जास्त भरडला जातो तो कॅबचालक. त्याला भाडं मिळतं ते मुख्यतः किलोमीटरवर, आणि तू त्याच्या गॅसचा हिशेब करतोस तासांवर. चांदणी चौकातून पुढे सरकायला अर्धा तास लागला तर त्या अर्ध्या तासाची कमाई जवळजवळ शून्य, तुझा खर्च मात्र पुरेपूर. तो म्हणतो, ‘साहेब, एसी लावला तर परवडत नाही.’ मागे बसलेला माणूस ऐकवतो की भाडं एसी गाडीचं घेता. दोघंही खरं बोलत असतात. तरी प्रवासी त्याला कंजूष ठरवून ॲपवर तारे कमी देतो, आणि मला ते फार लागतं. दिवसभर उन्हात तोही त्याच गाडीत बसलेला असतो. गार हवा त्यालाही हवीच असते.

वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, 1966 पासूनची. देशभर गाडीच्या जाहिरातीत मायलेजचा जो आकडा छापतात, त्याला तिचंच नाव चिकटलेलं आहे. त्या आकड्यासाठीची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने होते, आणि तो आकडा तुला बंद ठेवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो प्रामाणिक आहे, पण घरखर्चाचा हिशेब मांडायला अपुरा. अमेरिकेत 2008 च्या मॉडेलपासून गाडीवरच्या आकड्यात तुझी वेगळी चाचणीही धरतात. तीत खोलीचं तापमान 35 अंश ठेवतात आणि तुला चालू. आपल्याकडे तर 35 अंश म्हणजे मार्चमधली साधी दुपार.

तुझ्याशी नीट वागायचं कसं, हेही लोकांना सांगायला हवं. तापलेल्या गाडीत बसलं की आधी काचा खाली करून दोन मिनिटं गाडी चालवावी, म्हणजे आतली भट्टी फुकटात बाहेर जाते. मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबावं, की तुला बाहेरची तापलेली हवा पुन्हा पुन्हा गार करावी लागत नाही. पुण्यातल्या संध्याकाळी सहसा झुळूक असते. शहरातल्या वेगाला उघड्या काचांनी पेट्रोल वाढत नाही म्हटलं तरी चालेल. महामार्गावर मात्र वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, तिथे काचा लावून तुला चालवणंच बरं. आणि जुलैत, ताम्हिणीत धुकं उतरलेलं असताना, पेट्रोल वाचवायला तुला बंद करू नये. तू हवेतला ओलावा काढतोस म्हणून समोरची काच स्वच्छ राहते आणि वळण दिसतं.

माझ्या दोन मागण्या आहेत. मायलेजच्या आकड्याशेजारी तू चालू असतानाचा दुसरा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा, आणि त्याच्याखाली तासाला किती इंधन लागतं तेही. आणि कॅबचं भाडं ठरवणाऱ्यांनी कोंडीत गेलेल्या मिनिटांना पुरेसा दर द्यावा, निदान मार्च ते मे तरी.

तुझा,
कोथरूडचा एक रहिवासी