मुंग्यांमागचा आवाज

भिलाईत सेक्टर 2 मधल्या क्वार्टरांवर एकेकाळी सगळ्या अँटेना एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत. पूर्वेला, रायपूरकडे. रायपूर तीसेक किलोमीटरवर, आणि दूरदर्शनचा मनोरा तिथे. आमची मराठी मात्र पश्चिमेची. बाबा भंडाऱ्याहून पोलाद कारखान्यात नोकरीला आलेले, आईचं माहेर नागपूर, रेल्वेने अडीचशेहून जास्त किलोमीटर. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते; मग मधून सीमा गेली. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत धावतात, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा वळत नाहीत. रेडिओच्या मध्यम लहरींचं तसं नाही. त्यामुळे नागपूर आम्हाला रात्री ऐकू यायचं, दिसायचं कधीच नाही.

हा मुलूख टीव्हीला नवखा नव्हता. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर चाललेल्या 'साईट' प्रयोगात सहा राज्यांतली 2400 खेडी निवडली होती, त्यांत रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग जिल्ह्यांतली खेडीही होती. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून येणारे कार्यक्रम गावातली जाळीची मोठी छत्री पकडायची. रायपूरचा मनोरा 1977 चा, त्या प्रयोगानंतरचा. म्हणजे कारखान्याच्या वसाहतीआधी आसपासच्या खेड्यांनी टीव्ही पाहिला. बाबांना याची फार गंमत वाटे.

आमच्याकडे टीव्ही आला तो पुढे, ऐंशीच्या दशकात. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. चित्र बरं असायचं, पण भरवशाचं नाही. लहर कमजोर झाली की पडद्यावर मुंग्या. तीच लहर कुठल्या उंच इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा पोचली की प्रत्येक माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली. भाऊ गच्चीवर काडी फिरवायचा, आई खिडकीतून ओरडायची, "राहू दे रे, आवाज येऊन राहिला ना!"

आईच्या त्या वाक्यात तंत्राची एक खरी गोष्ट होती, हे मला फार नंतर कळलं. जुन्या प्रक्षेपणात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या रीतीने पाठवले जात. चित्राची पद्धत नाजूक, आवाजाची दणकट. म्हणून चित्र पार मुंग्यांत बुडालं तरी मागून बोलणं सुरूच राहायचं.

याचा उपयोग व्हायचा रविवारी दुपारी. राष्ट्रीय वाहिनीवर तेव्हा प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत, खाली इंग्रजी अक्षरं. मराठीची पाळी कधीतरी यायची. त्या दिवशी जेवणं लवकर उरकायची. वसाहत सगळ्या देशातून गोळा झालेली. आमच्या ओळीत बंगाली होते, तेलुगू होते, मल्याळी होते, छत्तीसगढी तर होतेच. ज्याच्या भाषेचा सिनेमा, त्याच्या घरी बाकीचे जायचे. हा कुणी ठरवलेला नियम नव्हता, पण पाळला जायचा. कारण व्यवहाराचं होतं: मुंग्या आल्या की खालची अक्षरं आधी दिसेनाशी होत, आणि मग घरच्या माणसाशिवाय गती नसे.

आमच्याकडे ते काम आई करायची. पडद्यावर नुसती करडी खळबळ, मागून मराठी संवाद, आणि आई हिंदीत सांगतेय, "अब सास बोल रही है कि गहने वापस दो." बंगाली काकू हसायच्या, "समझ गए भाभीजी, हमारे यहाँ भी वैसा ही है." पुढच्या कुठल्याशा रविवारी त्यांच्या घरी हेच उलट व्हायचं. मी बंगाली शिकले नाही. पण ती कानाला परकी राहिली नाही, एवढं त्या खराब चित्राने केलं.

मग नव्वदचं दशक आलं आणि केबल आली. पुढे छत्र्या आल्या. दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर होतीच, 2000 साली तिचं नाव सह्याद्री झालं. त्याच वर्षी आम्हीही मध्य प्रदेशातून छत्तीसगडमध्ये आलो, घर न हलवता. आता अँटेना रायपूरकडे रोखायची गरज उरली नाही. मराठी आकाशातून सरळ उतरू लागली, स्वच्छ, चोवीस तास. आईला किती आनंद झाला होता! बंगाली काकूंनाही त्यांची वाहिनी मिळाली. दोघी आपापल्या घरी बसून पाहू लागल्या. भांडण नाही, दुरावा नाही. फक्त सांगायला कुणी लागेना.

फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यांत रायपूर होतं. पुढे 2022 च्या मार्चपर्यंत देशातली जवळपास सगळी जुनी ॲनालॉग केंद्रं बंद करायचं ठरलं, मोक्याच्या जागांवरची पन्नासेक सोडून. नवी पद्धत हुशार आहे. आपटून उशिरा आलेली लहर तिला सहसा त्रास देत नाही, सावल्या गेल्या. थोड्या चुका ती स्वतः दुरुस्त करते. पण तिला एक उंबरठा आहे. त्याच्या वर चित्र निर्मळ. जरा खाली गेलं की चौकोन फुटतात, तोंडं गोठतात, आणि मग काहीच नाही. चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात असल्यामुळे दोन्ही बरोबर जातात. अर्धवट पोचणं तिथे जवळजवळ नाहीच.

हे सगळं मी टीव्हीपुरतं मानलं असतं. पण मागच्या दिवाळीत माझी भाची सेक्टर 2 मध्ये आजीजवळ होती. ती भिलाईतच वाढली, शाळा हिंदी-इंग्रजीची, मराठी घरातली. पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकांना ती म्हणाली, "मी आत्ता बाजारातून येऊन राहिली." ते हसले. म्हणाले, "अगं, 'येतेय' म्हणावं. ही कसली मराठी?" पोर गप्प झाली, आणि पुढचे दोन दिवस त्यांच्याशी फक्त हिंदीत बोलली.

'येऊन राहिली' ही नागपूरकडची रोजची मराठी आहे. तिच्यावर हिंदीची सावली आहे हे खरं, पण माझ्या आईच्या तोंडची आहे, आणि आजोबांच्याही तोंडची होती. घराबाहेर हिंदी बोलणाऱ्या लोकांनी ती इतक्या लांब, इतकी वर्षं तगवली. तिच्यात मुंग्या असणारच. तिला स्वच्छतेचा उंबरठा लावला तर खालचं सगळं एका झटक्यात बंद पडतं. पोर चुकीचं मराठी बोलायची थांबते, आणि त्याबरोबर मराठी बोलायचीच थांबते.

शुद्ध भाषा शिकवू नये असं मी म्हणत नाही. मीही तिला पुस्तकं पाठवते. पण आधी आवाज येऊ द्यावा. पाहुणे गेल्यावर आईने तिला काही समजावलं नाही. स्वयंपाकघरातून नुसतं विचारलं, "काय करून राहिली गं?" आतल्या खोलीतून उत्तर आलं, "काही नाही आजी, येऊन राहिली."