बैलाची सुटी

बायबलच्या दहा आज्ञांपैकी खून करू नको, चोरी करू नको या पाळताना मला फारसा घाम फुटला नाही. माझा सगळा झगडा चौथीशी, शब्बाथाच्या आज्ञेशी. सहा दिवस काम कर, सातवा देवाचा. पण गुरुकुंज मोझरीच्या शिवारात पराटी फुटली की कापूस काही वार पाहून थांबत नाही. अवकाळी आला तर बोंडातच काळा पडतो.

आजीच्या राज्यात रविवारी वावर बंद. आम्ही एस.टी.नं अमरावतीला चर्चला जायचो, बैल कडुलिंबाखाली रवंथ करत बसायचे. शेजारी म्हणत, "आमचा पोळा वर्षातून एकदा, तुमचा दर आठवड्याले!" आजीचं उत्तर ठरलेलं, "बैलाले सुटी मांगता येत नाही, म्हणून देवानंच मांगून ठेवली." ते खरंच आहे. बायबलात निर्गमाच्या विसाव्या अध्यायात विसावा एकट्या घरधन्याला नाही. दास, दासी, जनावर, वेशीच्या आतला उपरा, सगळ्यांना आहे.

हातातलं काम मधेच सोडणं आमच्या गावाला नवं नव्हतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला आणि पहाटेचं ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावाच्या अंगवळणी पाडली. महाराज १९६८ साली गेले. त्यांच्या पुण्यतिथीला अजून ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन धरतात. आजीचा रविवार मला लहानपणी त्याच जातीचा वाटे.

पुढं जिनिंगमध्ये कारकून झालो. हंगामात जिन रात्रंदिवस चाले, रविवार हवा तर बिनपगारी. मी तो घेई, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही मिरवी. मग कधीतरी नारायण मेघाजी लोखंडे वाचनात आले. हा सत्यशोधक माणूस मुंबईच्या गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुटीसाठी वर्षानुवर्षं झगडला. १० जून १८९० ला ती मिळाली. रविवार मागताना त्यांनी खंडोबाचा वार पुढं केला होता. ज्या दिवसाला मी 'आमच्या चर्चचा' समजत होतो, तो दमलेल्या माणसानं भांडून मिळवलेला निघाला. तोरा उतरला.

वावर माझ्याकडं आलं तेव्हा खरी अडचण कळली. वेचणी किलोवर असते. रविवारी वावर बंद म्हणजे बायांची मजुरी बुडाली. बैलाचं सोपं, त्याला मजुरी नसते. आज्ञा पाळायची मी आणि तिचे पैसे भरायचे बायांनी? आजीनं यातून वाट कशी काढली होती, ते एका म्हाताऱ्या वेचणारीनं सांगितलं. आजी शनिवारी मजुरीसोबत बायांच्या पदरात ज्वारी घालायची. घरात कोणाला बोलली नव्हती.

मीही रविवारचे पैसे द्यायला लागलो. तर यंदा बायाच म्हणाल्या, "रविवार नोको भाऊ, बाजाराचा दिवस द्या. रविवारी घरी पोरायचा धिंगाणा असते, कायचा आराम!" पाळकसाहेबांना विचारलं. मालक चर्चमध्ये आणि मजूर वावरात, हे त्यांना बरं दिसेना. मलाही दिसत नाही. पण शब्बाथ माणसासाठी झाला, हे येशूनंच परुशांना सुनावलेलं. मी बाजाराचा दिवस दिला, अर्ध्या मजुरीसह. पूर्ण द्यायला हवी. कापसाचा भाव पाहून अजून हात आखडतो.