मागे राहिलेलं जाळं

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक डबा होता. त्यात आजोबांची रिकामी काडतुसं होती. थंडी पडली की आजोबा तो डबा काढायला लावत आणि यशवंत सागर तलावावरच्या बदकांच्या शिकारीच्या गोष्टी सांगत. पहाटे सायकलने हातोदपर्यंत जायचं, मग बांधाआड दबा धरून बसायचं. "सारसावर मात्र कधी नेम धरला नाही," हे दर वेळी शेवटी यायचं. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी बंदूक जमा करून टाकली. 1991च्या दुरुस्तीनंतर तर शिकारीचे परवानेच बंद झाले.

मी त्याच पाण्यावर दुर्बीण घेऊन जातो. गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळात हा तलाव झाला. इंदूर त्याचं पाणी पितं आणि मच्छीमार त्यावर पोट भरतात. हिवाळ्यात पाणी मागे सरकतं, गाळपेर जमीन उघडी पडते आणि चक्रवाक, तलवार बदकं, हळदी-कुंकू बदकं त्या उथळ काठाला येतात. सारसांची जोडी दिसली तर तो दिवस सोन्याचा.

गेल्या जानेवारीतल्या एका सकाळी काठाजवळ पाणी उगाचच हलताना दिसलं. जवळ गेलो तर एक वारकरी पक्षी होता. काळपट अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. बाभळीच्या बुडक्याला तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जुनं जाळं अडकलं होतं आणि त्यात त्याचा एक पाय आणि पंख गुंतला होता. सुटायला धडपडेल तसा फास आवळत होता.

मी पंख धरायला हात घातला, तेवढ्यात मागून होडीवाला केवट ओरडला, "भिया, खींचो मत!" त्याने आपला गमछा पक्ष्याच्या डोक्यावर टाकला. अंधार होताच पक्षी शांत झाला. मग आम्ही एकेक धागा कापत गेलो. वारकऱ्याच्या बोटांना दोन्ही बाजूंनी झालरीसारखे पापुद्रे असतात, पोहताना वल्ह्यासारखे कामी येणारे. एका पापुद्र्यात तंगूस आरपार रुतला होता. तो काढताना माझे हात थरथरत होते. सोडल्यावर पक्षी क्षणभर बसून राहिला, मग पाण्यावर पावलं आपटत धावला आणि उडाला.

जाळं मच्छीमारांचंच होतं, पण त्या केवटावर रागवायला मला जागाच उरली नाही. तो म्हणाला, जाळं फाटलं की आमचं नुकसान होतं, मुद्दाम कोण टाकेल? पाणी भरलेलं असताना जाळं बुडालेल्या खुंटांत अडकतं, तुटतं आणि खालीच राहतं. त्याच्या वडिलांचं सुती जाळं पाण्यात कुजून जायचं. नायलॉन कुजत नाही. शहर पाणी पीत जातं, पातळी उतरते आणि तेच जाळं नेमकं पक्ष्यांच्या चरण्याच्या जागी वर येतं. मध्य प्रदेशात माशांच्या विणीसाठी 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. बुडालेलं जाळं मात्र त्या दिवसांतही मासे धरतच राहतं.

आजोबांची शिकार थांबली, पण ही धन्याविना शिकार चालूच आहे. 2022मध्ये यशवंत सागर आणि इंदूरचाच सिरपूर तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आले. जानेवारी 2025मध्ये इंदूरला रामसरची पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या या शहराला एवढं नक्कीच जमेल: दर उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना, मच्छीमारांनाच मजुरी देऊन ही जाळी काढून घ्यावीत. कोणता खुंट कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आणि तुम्ही तलावावर जाल तेव्हा दुर्बिणीबरोबर एक कात्री आणि एक पिशवी ठेवा. काठावर तंगूस दिसला तर ओलांडून जाऊ नका, उचलून घरी आणा.