‘मंग हे लिहिलं कोनं?’

दहावीचं इतिहासाचं पुस्तक २०१८ साली बदललं आणि पहिलाच धडा आला तो इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा. व्हॉल्टेअर, रांके, फुको. पुरावा कसा तपासायचा हे मुलांना कळावं, ही त्यामागची तळमळ मला मनापासून पटते. अडचण वेगळीच आहे. नागपुरातल्या माझ्या वर्गातली कित्येक मुलं परिच्छेद घडाघडा वाचतात. पण त्यात कोणी काय केलं, असं विचारलं की गप्प होतात.

याचं खापर मराठीच्या शिक्षकांवर फोडण्यात अर्थ नाही. इतिहासाचं गद्यच निराळं असतं. ‘राज्य खालसा करण्यात आले’ या वाक्यात कर्ताच नाही. कोणी केलं, कोणाचं गेलं, हे मुलानं मागच्या चार ओळींतून शोधून काढायचं. घरी नागपुरी, हिंदी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर ही भाषा आणखीच लांबची. त्यामुळे वाचायला शिकवणं हे इतिहासाच्या शिक्षकाचंही काम आहे, असं मी मानते आणि त्यासाठी नागपूरच हाताशी घेते.

मारबत आमच्या मुलांना पाठ असते. तान्ह्या पोळ्याला जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, तुडुंब गर्दी. १८८० च्या दशकापासूनची ही प्रथा. काळी मारबत म्हणजे कोण, असं विचारलं की अर्धा वर्ग ओरडतो, “बाकाबाई! इंग्रजांना फितूर झालती!” मग मी फळ्यावर सालं लिहिते. नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई. १८१८, अप्पासाहेब भोसले पदच्युत. लहानगा तिसरा रघूजी गादीवर, वाड्यात कर्त्या बाकाबाई, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या विधवा, आणि राज्याची सूत्रं रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती. १८५३, तिसऱ्या रघूजींचा मृत्यू, औरस वारस नाही. १८५४, डलहौसीनं राज्य खालसा केलं. शेवटच्या वाक्यात कर्ता मुद्दाम घालते.

यानंतर मुलांना विचारते, मारबत पहिल्यांदा काढणाऱ्यांनी बाकाबाईंना पाहिलं असेल का? मुलं बोटांवर वर्षं मोजतात. मग ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ या पुस्तकातला तुकडा वाचायला देते. अर्धं पान, मोठ्या टायपात, त्यावर सबंध तास. एकदा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मंग हे लिहिलं कोनं?” काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी, आणि तेही इंग्रज रेसिडेंटच्या सांगण्यावरून, असं सांगितल्याबरोबर वर्गात खसखस पिकली. एकानं लगेच तोच उतारा पुन्हा वाचायला घेतला, या वेळी सावकाश, एकेका वाक्यावर थांबत. बाकाबाई फितूर होत्या की एका अल्पवयीन राजाचं घर सांभाळत होत्या, यावर वर्गाचं एकमत झालं नाही. मी ते होऊही दिलं नाही.

साधनांची वाण नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठी विश्वकोश आहे, यादव माधव काळे यांनी लिहिलेला नागपूर प्रांताचा इतिहास आहे. अजब बंगला हे १८६३ सालचं संग्रहालय गावातच आहे. काटोल रस्त्यावर जुनापाणीला महापाषाणकालीन शिलावर्तुळं उघड्यावर पडली आहेत. अशीच वर्तुळं टाकळघाटला पाहून परतताना मिशनरी रेव्हरंड हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले, तेही १८६३ मध्येच. ही हकीकत सांगितली की मुलं शिलावर्तुळांचा परिच्छेद न सांगता वाचतात.

अडतं ते तिथवर पोचण्यात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. लोकांना खुला होतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी किंवा झेंडावंदन. सहलीच्या बसचे पैसे सगळ्या पालकांना झेपत नाहीत. पुस्तकं हरवतील या धास्तीनं बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असतं. पुस्तक हरवलं तरी चालेल, पण ते मुलाच्या हाती पडलं पाहिजे, असं मला वाटतं. शिवाय दहावीत इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. अर्ध्या पानाला एक तास दिला की पोर्शन मागे पडतो, आणि दिवाळीनंतर तो भरून काढताना माझी दमछाक होते. तरी तो तास मी सोडत नाही.

विदर्भातल्या साधनांचे असे छोटे उतारे, कठीण शब्दांच्या अर्थांसह, एकत्र कुठे मिळाले तर कितीतरी शिक्षकांचं काम हलकं होईल. मी माझ्यापुरते जमवते आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचे झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेचे चालू आहेत. त्या दिवशी दीक्षाभूमीवर हजर असलेली माणसं काही मुलांच्या घरांत अजून आहेत, त्यांच्या आठवणी मुलंच लिहून आणताहेत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचं काम बाकी आहे. त्यासाठी मिलमध्ये राबलेल्या आजोबांना काय काय विचारायचं, याची यादी नववीचा वर्ग सध्या करतो आहे.