तातेविना ल्यूट

निवृत्तीनंतर जळगावात मी जॉन डाउलंड यांच्या ल्यूटवरील रचना गिटारवर वाजवू लागलो. त्यांचे पहिले गीतपुस्तक १५९७ चे. गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली, की ती ल्यूटसारखी जुळते. त्या काळी ल्यूटला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत. आपल्या सारंगीची तातही तशीच. श्रावकाने ती कशी छेडावी? दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याचा धागा लागू लागला, वाद्यांसाठी तो दुर्मिळ झाला आणि १९४० च्या दशकात गिटारला नायलॉनची तार मिळाली. तातेचा मूळ नाद तिच्यात पुरता उतरत नाही, हे खरे. परंतु हाताला अहिंसा पाळता येत असेल, तर कानाने एवढी उणीव आनंदाने सोसावी.