दहा नाणी आणि लठ्ठ देवदत्त

चाळिशी उलटल्यावर मी बाहेरून बी.ए.ला बसले. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने, रात्री ज्ञानमीमांसा. माणसाला कळतं म्हणजे काय होतं आणि त्या कळण्यावर भरवसा का ठेवायचा, एवढाच खरा विषय. पण गाईडमध्ये त्याची पार यादी झालेली. देकार्त बुद्धिवादी, लॉक अनुभववादी, ह्यूम संशयवादी, कांट समन्वयवादी. प्रत्येकाचे चार मुद्दे आणि खाली ‘मूल्यमापन’. ते पाठ झालं.

अडले ते तीन पानांवर. एडमंड गेटिअर या अमेरिकी तत्त्वज्ञाचा 1963 सालचा निबंध जेमतेम तेवढाच आहे. एखादी गोष्ट ‘मला माहीत आहे’ म्हणायला तीन अटी पुरतात, असं तोवर बरेच जण धरून चालत: गोष्ट खरी हवी, आपला तिच्यावर विश्वास हवा आणि त्या विश्वासाला सबळ कारण हवं. गेटिअरचा स्मिथ एका नोकरीसाठी उमेदवार आहे. नोकरी जोन्सला मिळणार, असं कंपनीच्या अध्यक्षांनी त्याला सांगितलंय. जोन्सच्या खिशातली दहा नाणीही त्याने मोजलीत. म्हणून तो मानतो की, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथला, आणि त्याच्याही खिशात, त्याला पत्ता नसताना, दहाच नाणी असतात! तिन्ही अटी पुऱ्या. तरी याला ‘माहीत होतं’ कोण म्हणेल?

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आई, दुसऱ्याच्या खिशातले पैसे कोण मोजत बसतं गं?” मग तिच्यासाठी लॅबमधलं उदाहरण रचलं. समजा, दोन पेशंटच्या नळ्यांची लेबलं अदलाबदल झाली, पण दोघांचंही हिमोग्लोबिन नेमकं 11 निघालं. दोन्ही रिपोर्ट बरोबर.

“मग बिघडलं कुठे?”

बिघडलं ते हे, की रिपोर्ट बरोबर आले ते निव्वळ नशिबाने. पुढच्या पेशंटला ते नशीब मिळेलच असं नाही. परीक्षेच्या वहीत मी हेच उदाहरण घातलं.

गाईडवर माझा एक राग आहे. त्या तीन अटी त्यात ‘प्लेटोची व्याख्या’ म्हणून छापल्यात. ‘थिएटेटस’ या संवादात तिच्याजवळ जाणारी व्याख्या येते खरी, पण सॉक्रेटिस शेवटी तीही मोडीत काढतो.

भारतीय तत्त्वज्ञानाचा पेपर वेगळा. नैयायिकांची प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक एकट्या प्रत्यक्षावर थांबतो, तर भाट्ट मीमांसक सहापर्यंत जातात. त्यांची अर्थापत्ती मला फार आवडली. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. उपासाच्या दिवशी घरोघर हे प्रमाण लागू पडतं. गंमत म्हणजे नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, मानतच नाहीत. त्यांच्या हिशेबी आमची घोकंपट्टी ज्ञानाच्या बाहेरच पडते.

आमच्या बाईंनी मग धर्मोत्तराचं नाव काढलं. हा आठव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित. मांस भाजायला कुणीतरी विस्तव पेटवलाय, अजून धूर नाही, पण वर माश्यांचा थवा जमलाय. लांबचा माणूस थव्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग तिथे आहेच! पण हे ज्ञान नव्हे, असं धर्मोत्तर म्हणतो. गेटिअरच्या बाराशे वर्षं आधी माझ्या त्या दोन नळ्या इथे हजर होत्या.

माझ्या गाईडमध्ये गेटिअर पाश्चात्त्य भागात आहे, धर्मोत्तर कुठेच नाही. या विषयाला बसणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: दोन्ही पेपरांच्या वह्या वेगळ्या करू नका. स्मिथची नाणी लिहिलीत की त्याच पानावर खाली माश्यांचा थवा लिहा. गुण कोण किती देईल ते देवो, विषय मात्र तिथेच कळतो.